वाळेपर्यंत

बायको : दारापर्यंत आलोच आहोत ना? मग उंबरठा ओलांडायला काय होतंय तुम्हाला?

रंगारी : तू जाऊन ये. मी सामानापाशी थांबतो.

बायको : त्या सामानाला काय सोनं लागलंय? एक ट्रंक आणि एक गादीची वळकटी. आत घेऊन जाऊ.

रंगारी : इथे रस्त्यात ही गर्दी. सायकली बघ कशा लावल्यात, एकीला एक टेकवून. एक पडली की सगळी रांग आडवी.

बायको : पडू दे. पोरांच्या सायकली आहेत, पोरं उचलतील. तुम्ही कशाला राखण करताय? बघा, त्या पुस्तकवाल्याच्या पायरीवर कशी बसलीत, दाण्यांवर जमलेल्या चिमण्यांसारखी. सगळ्यांना एकदमच बोलायचंय.

ताई : काकू? तुम्हीच ना? वसतिगृहातून आलात? मी फोन केला होता, इथली नाटकं बसवते ती. या, या. काका, ट्रंक इथे तिकीटखिडकीखाली सरकवा, कुणी हात लावत नाही.

रंगारी : या दाराला रंग कुणी दिलाय?

ताई : दाराला? मुलांनीच. मागच्या वर्षी असेल.

रंगारी : जुना न खरवडता दिलाय. पापुद्रे सुटलेत बघा. आणि बिजागऱ्यांवरही फासलाय. म्हणून दार कुरकुरतं.

बायको : झालं! अहो, दाराची तपासणी करायला आलोय का आपण? ताई, तुम्ही मला आत घ्या. ते येतील. रस्त्यावर रंगवायला काही उरलं नाही की येतील.

ताई : सांभाळून, दोन पायऱ्या खाली आहेत. अंधार वाटेल, पण डोळे सरावतात. ही इमारत मुळात बर्फाचा कारखाना होती. तो बंद पडला, तेव्हा विद्यापीठातल्या चार मास्तरांनी भाड्याने घेतली आणि बाकं टाकली. शंभर वर्षं होत आली त्याला. अजूनही नव्वद माणसं बसली की दार लावून घ्यावं लागतं.

बायको : एवढंसंच आहे हो. मला वाटलं होतं मोठं असेल, लाल पडदा, झुंबर, असलं काहीतरी.

ताई : सगळ्यांना तसंच वाटतं. पडदाही नाही आमच्याकडे. ही समोरची जमीन म्हणजेच रंगमंच. खुर्च्यांपासून एक वीत उंच, बस. मागे डावीकडे ते एक दार, नटांनी यायचं-जायचं तिथूनच.

बायको : म्हणजे पहिल्या रांगेत बसलं तर हात लांब करून आमच्या पोरीला शिवता आलं असतं.

ताई : हो काकू.

बायको : ... हे मागेच राहिले. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं. माणूस तुसडा नाही. पोर गेल्यापासून असं झालंय. मी तिचं काही काढलं की उठतात. ताट पुढ्यात असलं तरी उठतात. नळ गळतोय म्हणतात, कुठे गळत नसतो. एकदा तर शेजाऱ्याचं कुंपण रंगवून आले, त्याला न विचारता. तो बिचारा आभार मानायला आला, तर ह्यांनी त्यालाही दारातूनच वाटेला लावलं.

ताई : बोलतच नाहीत?

बायको : बोलतात की. भाजीत मीठ कमी आहे, बोलतात. शाळेच्या भिंतीला दुसरा हात मारायचाय, बोलतात. तिच्याबद्दल नाही. आणि मी कुणाशी बोलू, सांगा? तिला लहानपणापासून ओळखणारी आम्ही दोनच माणसं. येणारे-जाणारे म्हणतात, देवाची इच्छा, चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. मला ते नको असतं. मला म्हणायचं असतं, अहो, आठवतं का, ती बोट दारात सापडल्यावर रडली नव्हती, उलट दारालाच फुंकर घालत बसली होती. हे मी ह्यांनाच म्हणू शकते ना? आणि हे उठून जातात. एक ती गेली, आणि हे घरात असून गेल्यासारखे. मी एकटी पडलेय, ताई.

ताई : म्हणूनच मी घाई केली. म्हणजे बघा, उद्यापासून इथे नव्या नाटकाच्या तालमी. दर नाटकाआधी आम्ही ही जमीन काळी रंगवून घेतो. आज मुलं रंग मारणार. तिच्या खुणा अजून आहेत. त्या जायच्या आत तुम्ही यावं, असं वाटलं.

बायको : कसल्या खुणा?

ताई : त्या बघा, जमिनीवर. रंगीत चिकटपट्ट्यांचे तुकडे. कुणी कुठे उभं राहायचं ते ठरलं, की तिथे फुली मारतो. प्रत्येकाचा रंग वेगळा. निळा नाटकातल्या घर घेणाऱ्या माणसाचा, लाल त्याच्या बायकोचा. आणि पिवळ्या सगळ्या हिच्या.

बायको : एवढ्या?

ताई : मुख्य काम होतं तिचं. सारखी इकडून तिकडे.

बायको : अहो! अहो, आत या! हिचं मुख्य काम होतं म्हणे! ... आणि आम्हाला ताकास तूर लागू दिली नाही हो पोरीने. शेवटच्या फोनवरसुद्धा म्हणाली, प्रयोगशाळेत उशीर होतो. मला वाटलं, काचेच्या नळ्या धुते की काय.

ताई : आम्ही तिला भोंगा म्हणायचो.

बायको : काय?

ताई : भोंगा. आवाज असा लागायचा की बाहेरच्या पुस्तकवाल्याने एकदा येऊन विचारलं, भांडण झालंय का म्हणून.

बायको : तुमची काहीतरी चूक होतेय, ताई. आम्ही तिला मुंगी म्हणत असू. घरात आहे की नाही कळायचं नाही. सुई टोचली तरी तोंडातून शब्द निघायचा नाही.

ताई : चूक नाही. हनुवटीवर तीळ, डावखुरी, आणि हसताना हात तोंडावर.

बायको : तीच. अगं बाई, तीच. ... ऐकलंत का? भोंगा म्हणायचे तिला!

रंगारी : ऐकलं. ओरडू नकोस. भिंती जाड आहेत, आवाज आतच घुमतो.

बायको : आलात! बसा इथे, खुर्चीत बसा.

रंगारी : बसतो. बाई, या भिंती दीड हात तरी जाड असतील.

ताई : बर्फासाठी होत्या ना. उन्हाळ्यातही थंड राहतं.

बायको : ताई, काम कसलं होतं तिचं? राजकन्येचं?

ताई : म्हातारीचं. सत्तरी ओलांडलेली एकटी बाई, राहतं घर विकायला काढते. जोडपं घर बघायला येतं आणि ती त्यांना एकेक खोली दाखवते. नाटक इथल्याच एका विद्यार्थ्याने लिहिलं होतं. आता विद्यार्थ्यांत सत्तरीची बाई कुठून आणायची? मग हीच म्हणाली, मी करते.

बायको : म्हातारी झाली होती ती?

ताई : केस पांढरे केले होते. चेहऱ्यावर मात्र काही नाही लावलं. लागलंच नाही.

बायको : आईबापाला पोराचं म्हातारपण बघायला मिळत नाही, ताई. ते बघायला आपण नसणार, हे धरूनच चालतो आपण. आणि इथे ते होऊन गेलं. तिकीट काढून लोकांनी बघितलं. आम्ही तेवढे चुकलो.

ताई : काकू, पाणी आणू?

बायको : नको. रडू दे मला. इथे घुमतंय तर घुमू दे.

रंगारी : ... हं. हिला पाणी आणा तुम्ही. मी बाहेर ट्रंक बघून येतो.

ताई : काका, थांबा!

रंगारी : काय झालं?

ताई : आत्ता तुम्ही उठलात ना. परत बसा जरा. प्लीज. आता उठा.

रंगारी : हे काय? गुडघा धरलाय माझा. शिडीवर आयुष्य गेलं, उठवत नाही पटकन.

ताई : उजवा हात गुडघ्यावर, मग 'हं' असं म्हणायचं, मग अर्धं उठून थांबायचं, जसं काही विसरलंय. आणि मग पूर्ण उठायचं. हे असंच उठायची ती. अगदी हेच. पहिल्या तालमीलाच तिने हे केलं. मी विचारलं, हे कुठून उचललंस गं? तर म्हणाली, घरचा माल आहे.

बायको : घरचा माल!

ताई : म्हणून तर बोलावलं नाही तुम्हाला. मी म्हटलं होतं तिला, आईवडिलांना आण. म्हणाली, बाबा समोर बसले तर मला उठताच येणार नाही. ते म्हणतील, कार्टी माझी नक्कल करते. पुढच्या नाटकात माणसासारखं तरुण मुलीचं काम करीन, तेव्हा आणते दोघांना, पहिल्या रांगेत.

बायको : अहो, ऐकलंत? कुठे निघालात? झालं. गेले.

ताई : नाही काकू. गेले नाहीत. तिकडे बघतायत, जमिनीकडे.

रंगारी : बाई, हा मधला उंचवटा कसला आहे?

ताई : कुठला?

रंगारी : रंगाखाली. इथे, आणि इथेही. कडक कडक लागतंय पायाला.

ताई : जुन्या पट्ट्या असतील. मुलं कधीकधी न काढताच वरून रंग मारतात.

रंगारी : मग फुगणारच. किती वर्षांच्या असतील?

ताई : काय सांगणार? कितीतरी नाटकं झाली. कुणाकुणाच्या फुल्या खाली असतील.

रंगारी : आज कोण मारणार रंग?

ताई : मुलंच. दुपारनंतर येतील, चार-पाच जणं, रोलर घेऊन.

रंगारी : नको. डबा कुठे आहे?

बायको : अहो, हे काय काढलंत? आपल्याला गाडी गाठायचीय. आणि तुमच्या त्या शाळेच्या भिंतीचं काय?

रंगारी : भिंत कुठे पळत नाही. बाई, डबा दाखवा. ब्रश असला तर द्या, रोलर नको. आणि खरवडायला एक पातळशी लोखंडी पट्टी द्या, भेगांत लांबी भरायची असते तसली. नसेल तर सुरी चालेल.

ताई : काका, तुम्ही पाहुणे. तुम्हाला काम कसं लावू?

रंगारी : माझी पोर उभी राहिलीय या जमिनीवर. ती ज्याने त्याने फासलेली मला चालायची नाही.

बायको : द्या ताई. द्या त्यांना. ... पण आधी मला एकदा दाखवा. कुठली फुली कशाची.

ताई : ही पहिली. दारातून यायची आणि इथे थांबायची. चष्मा शोधायची.

बायको : मी उभी राहते हं इथे. अशी?

ताई : थोडं तिरकं. हो. मग इथे, खिडकी. खरी नाही, नुसती आहे म्हणून समजायची. ती उघडायची आणि म्हणायची, इथून सकाळचं ऊन येतं, पण तुम्ही झोपलेले असाल तेव्हा.

बायको : बाई गं. टोमणे मारायला कुठे शिकली ही?

रंगारी : तुझ्याकडून. आणखी कुठून?

बायको : ... हसलात का तुम्ही?

रंगारी : पुढे विचार त्यांना. इथे काय होतं?

ताई : इथे भोंगा लागायचा. तो माणूस म्हणतो, ही भिंत पाडून टाकू. आणि ही ओरडते, पाडायची नाही! बस, एवढंच वाक्य. पण नव्वद माणसं खुर्चीत मागे सरकायची. आणि ही मधली शेवटची. ते जोडपं घर ठरवून निघून जातं आणि ही इथे बसते. काही बोलत नाही. बराच वेळ नुसती बसते. मग दिवा जातो.

बायको : रडते?

ताई : नाही. तेच तर. मी सांगितलं होतं, थोडं रड. म्हणाली, आमच्या घरी असं कुणी रडत नाही.

बायको : ... आता मी नाही उभी राहत इथे.

रंगारी : ये इकडे. हात दे. बस खुर्चीत.

ताई : काकू, ऐका. ही मधली एक फुली मी राहू देते. वरून रंग मारू, पण ती काढायची नाही. खाली राहील. कुणाला कळणारही नाही.

बायको : राहील? खरंच राहू द्याल?

रंगारी : नको.

बायको : अहो, असू द्या ना एवढी.

रंगारी : रंगाखाली काही सोडायचं नाही. आज चिकटलेलं दिसतं, दोन पावसाळ्यांत फुगतं. मग कुणीतरी नख लावतं आणि वरचा रंगही घेऊन येतं. काढायची म्हणजे सगळी काढायची, साफ पुसायचं, मग हात मारायचा. मी काढतो.

बायको : मग ती फेकू नका. मला द्या. सगळ्या पिवळ्या द्या.

रंगारी : पदराला चिकटतील.

बायको : चिकटू देत.

ताई : ही सुरी चालेल का? आणि हा डबा. ब्रश एकच आहे, जरा केस गळलेला.

रंगारी : चालेल. तुम्ही दोघी खुर्च्यांत बसा. मध्ये मध्ये येऊ नका.

(तो पट्ट्या काढतो, पिवळ्या बायकोच्या पदरात टाकतो, ओल्या फडक्याने जमीन पुसतो आणि रंगवू लागतो. जमीन हळूहळू काळी होत जाते.)

ताई : किती सारखा हात आहे हो काकांचा. आमची मुलं मारतात तेव्हा आम्हाला शिंतोडे पडतात.

बायको : हात सारखाच आहे त्यांचा. घरी भिंत रंगवायला लागले की ही लहान असताना समोर बसून बघायची. तासन् तास. मी म्हणायची, अभ्यास कर, भिंत काय बघतेस? आता कळलं, भिंत बघत नव्हती.

ताई : काकू, एक विचारू? दाराकडचा भाग आधी रंगवतात का?

बायको : छे. दार नेहमी शेवटी. पलीकडून सुरुवात करायची आणि मागे मागे येत दारातून बाहेर पडायचं. हाताखालच्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतात हे.

ताई : पण त्यांनी दाराकडचंच आधी रंगवलं. मग ही आपल्याकडची कड. आता बाजूचंही होत आलं.

बायको : अगं बाई. अहो! अहो, थांबा!

रंगारी : काय झालं?

बायको : मागे बघा. पुढेही बघा. चारी बाजूंनी ओलं केलंत आणि मधे अडकलात की हो!

रंगारी : हो.

बायको : काल कामाला लागलेलं पोर असं करतं! तुमच्या त्या नव्या पोराने केलं, तेव्हा महिनाभर त्याला हसत होतात.

रंगारी : हसलो होतो खरा.

ताई : काका, मागे एक लांब फळी आहे. टाकू का? पलीकडे उतरता येईल.

रंगारी : नको. वळ उठतील फळीचे. परत मारावं लागेल.

ताई : मग पंखे लावते मोठे.

रंगारी : पंखे तर मुळीच नकोत. धूळ बसेल. आपलं आपण वाळू दे.

ताई : पण वाळणार कधी?

रंगारी : थंड जागा आहे. जेवणाची वेळ टळून जाईल.

बायको : तोवर तिथे उभे राहणार? तो गुडघा घेऊन?

रंगारी : डबा रिकामा झालाय. उपडा घालून बसतो. हं. ... झालं. बसलो.

बायको : चाळीस वर्षं ब्रश धरताय. चुकून झालं का हे तुमच्याकडून?

रंगारी : रंगाऱ्याला असं विचारू नये.

ताई : मी... मी बाहेर तिकीटखिडकीत आहे, काकू. मुलं आली तर त्यांना बाहेरच थांबवते. काही लागलं तर हाक मारा.

बायको : बरं, ताई.

रंगारी : दार ओढून घ्या, बाई. पुरतं लावू नका, कुरकुरतं. ... गेल्या का?

बायको : गेल्या.

रंगारी : तू तिथे कडेला काय बसलीस? मधल्या खुर्चीत ये.

बायको : आले. दिसतेय का मी?

रंगारी : दिसतेस. पदराला पिवळं काय काय लागलंय.

बायको : लागू दे. तुम्ही असे बसलात ना तिथे, मला...

रंगारी : परवा जेवताना तू काहीतरी सांगायला लागली होतीस. दारात बोट सापडल्याचं.

बायको : रोजच काहीतरी सांगायला लागते. तुम्ही उठता.

रंगारी : आता सांग. आज मला कुठे उठून जाता यायचं नाही.